सिलिकॉनचा गोळा म्हणजे केबल ग्लँड नव्हे

छोट्या वर्कशॉपवाल्यांमध्ये एक सल्ला फिरतोय. मोटरच्या स्टार्टरचं किंवा ड्राइव्हचं (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राचं) पॅनेल बसवताना केबल ग्लँडवर, म्हणजे केबल पॅनेलमध्ये शिरते त्या होलात बसवायच्या नटवाल्या तुकड्यावर, पैसे घालवू नका. केबल खालून आत घ्या, खालच्या होलातून धूळ वर चढत नाही. फारच वाटलं तर सिलिकॉन नाहीतर एम-सीलची पुटी भरा, पॅनेल परत आयपी ६५, म्हणजे धूळ-पाण्यापासून बंद, होतं. आणि एखादं होल मुद्दाम उघडं ठेवा, ड्राइव्हला हवा लागते. सल्ला देणाऱ्यांना पैसे वाचवायचे आहेत, हे समजतं. पण यातली केबल खालून घेण्याची गोष्ट सोडली तर बाकी सगळं चूक आहे, आणि एक चूक तर जिवावर बेतू शकते.

तिच्यापासूनच सुरुवात करतो: "सिलिकॉन भरलं की ग्लँड लागत नाही."

ग्लँड म्हणजे होल बंद करायचं बूच, असं समजल्यामुळे हा घोळ होतो. ग्लँडचं पहिलं काम केबल धरून ठेवणं हे आहे. शॉपमध्ये केबलला ओढ बसतेच. कुणाचा पाय अडकतो, ट्रॉलीचं चाक वरून जातं, मशीन सरकवताना केबल ताणली जाते. ग्लँडचा नट आवळला की आतलं रबर केबलच्या बाहेरच्या आवरणाला चहूबाजूंनी दाबून धरतं आणि ओढ तिथेच थांबते. सिलिकॉन पीव्हीसीवर चिकटल्यासारखं दिसतं, पण चार-दोन झटक्यांत सुटतं. मग सगळी ओढ थेट टर्मिनलच्या स्क्रूवर. फेजची वायर तिथून निसटून पत्र्याला लागली आणि पॅनेलचं अर्थिंग ढिलं असेल, तर पुढच्या माणसाने दाराला लावलेला हात हा त्याचा शेवटचा ठरू शकतो. म्हणूनच चांगला वायरमन आतमध्ये अर्थची वायर फेजच्या वायरींपेक्षा थोडी लांब ठेवतो. केबल ओढली गेलीच तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटावी. ग्लँड बसवल्यावरही ही सवय सोडू नये.

दुसरं काम कडेपासून बचाव. होल सॉने पाडलेल्या पत्र्याची कड धारदार असते, आणि लेथ किंवा प्रेस चालू असताना पॅनेल सतत थरथरत असतं. महिनोन्‌महिने तीच कड त्याच जागी घासत राहिली की इन्सुलेशन कापलं जातं. रबरी ग्रोमेट कड झाकतं, हे खरं. पण ते केबल धरत नाही, त्यामुळे मोटरच्या केबलला नुसतं ग्रोमेट पुरत नाही.

केबल आर्मर्ड असेल, म्हणजे आवरणाखाली धातूच्या तारांचं कवच असेल, तर प्रश्नच मिटला, ग्लँड लागतोच. आर्मरच्या तारा पितळी ग्लँडमध्ये दाबल्या जाऊन पॅनेलच्या अर्थशी जोडल्या गेल्याच पाहिजेत. ग्लँड बसतो तिथला रंग खरवडायचा किंवा अर्थ टॅग (अर्थची वायर जोडायची धातूची चकती) घालायचा. सिलिकॉनमधून वीज वाहत नाही, नायलॉनच्या ग्लँडमधूनही नाही. ड्राइव्हपासून मोटरकडे जाणाऱ्या शिल्डेड केबलचंही (विजेचा गोंगाट अडवणारी धातूची जाळी असलेल्या) असंच. शिल्ड पूर्ण घेराने धरणारा धातूचा ग्लँड किंवा आत क्लॅम्प हवा, नाहीतर शेजारचा प्रॉक्सिमिटी सेन्सर (वस्तू जवळ आली की सिग्नल देणारा) उगाचच सिग्नल देऊ लागतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात.

आता खुद्द सिलिकॉनबद्दल. सुकताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सिलिकॉन ॲसेटिक ॲसिड सोडतं. बंद पेटीत ती वाफ तांब्याच्या लगवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेल्या तुकड्यावर) आणि पितळी टर्मिनलवर बसते आणि त्यांना गंज चढतो. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं वापरा, तेही ग्लँडऐवजी नाही. एम-सीलची अडचण वेगळी आहे. ते दगडासारखं कडक होतं. उद्या केबल बदलायची वेळ आली की छिन्नी-हातोडा घेऊन ड्राइव्हच्या खालीच ठोकाठोकी करावी लागते.

"खालच्या होलातून धूळ चढत नाही." चढते. पॅनेलच्या वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा असेल, तर तो प्रत्येक उघड्या होलातून हवा आत ओढतो. पंखा नसला तरी दिवसा पेटी तापते, रात्री थंड होते, आणि थंड होताना बाहेरची हवा आत खेचते. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत किंवा ग्राइंडिंगच्या शॉपमध्ये त्या हवेत लोखंडाचे बारीक कण असतात. पावसाळ्यात त्यांच्यावर ओल बसली की दोन टर्मिनलांच्या मध्ये विजेला वाट मिळते. इचलकरंजीच्या मागांच्या शेडमध्ये कापसाची तुसं ड्राइव्हच्या हीट सिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्यांच्या) फटी भरून टाकतात. शिवाय उबेला येणारी पाल. दोन फेजच्या मध्ये अडकलेली पाल ज्याने पॅनेलमधून काढली आहे, त्याला बाकी काही पटवावं लागत नाही.

केबल खालून घेणं मात्र अगदी बरोबर आहे, पण धुळीसाठी नव्हे, पाण्यासाठी. वरून घेतलेल्या केबलवरून कुलंट आणि पाणी ओघळत थेट आत येतं. खालून घेतानाही होलाच्या आधी केबलला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

"ड्राइव्हला हवा मिळावी म्हणून एक होल उघडं ठेवा." हे ऐकायला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, म्हणून आकडे मांडू. साडेसात किलोवॅटचा, म्हणजे १० एचपीचा ड्राइव्ह पूर्ण लोडवर साधारण ३ टक्के शक्ती उष्णतेत घालवतो, म्हणजे सव्वादोनशे वॅट. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर पंख्याच्या नेहमीच्या हिशेबाने (३.१ गुणिले वॅट, भागिले अंश) तासाला सुमारे ७० घनमीटर हवा फिरायला हवी. आता २० मिमीचं होल आणि त्यातून गेलेली १२ मिमीची केबल घ्या. उरलेली फट २ चौरस सेंटिमीटर. एवढ्या फटीतून ७० घनमीटर हवा न्यायची तर तिचा वेग ताशी ३५० किलोमीटर लागेल. अशी चार होलं ठेवलीत तरी ताशी ८७ किलोमीटर. म्हणजे त्या होलातून थंडावा येत नाही, फक्त धूळ येते. ड्राइव्ह थंड ठेवायचा तर खाली फिल्टर लावलेली जाळी, वर फिल्टरसह पंखा, आणि दर आठवड्याला फिल्टर झटकणं. शॉपमध्ये धूळ फारच असेल तर मोठी बंद पेटी घ्या, म्हणजे पत्र्यातूनच उष्णता बाहेर जाईल.

"भरलं की आयपी ६५." पेटीवरचा आकडा ती कारखान्यातून निघाली तेव्हाचा असतो. ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसणार. तुम्ही होल पाडलंत की तो आकडा त्या होलात जे बसवाल त्याच्यावर उतरतो. ६५ किंवा त्याहून वरचा ग्लँड, केबलच्या जाडीला बसणारा, नीट आवळलेला, तरच ६५ टिकतं. चार केबली एका ग्लँडमध्ये कोंबल्या की मधल्या फटी उघड्याच राहतात. त्यासाठी अनेक भोकांचं रबर असलेले ग्लँड मिळतात. आणि रिकाम्या होलाला ब्लँकिंग प्लग, म्हणजे होल बंद करायचं बूच, चिकटपट्टी नव्हे.

ज्यांनी आधीच सिलिकॉन भरलंय, त्यांच्यासाठी काम असं. मेन बंद करून कुलूप लावा. ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. मग मीटर लावून खात्री करा. केबली सोडवून ग्लँड प्लेट (पॅनेलचा, केबलींची होलं असलेला सुटा पत्रा) पूर्ण बाहेर काढा आणि होल नीट करायचं काम टेबलावर करा, कारण ड्राइव्हच्या खाली ड्रिल चालवलं तर चिप्स आत उडतात. सिंगल कोअर केबली (प्रत्येक फेजची वेगळी केबल) असतील तर तिन्ही फेज एकाच होलातून न्या, किंवा प्लेट ॲल्युमिनियमची करा. लोखंडी प्लेटमध्ये प्रत्येक फेजला वेगळं होल दिलं तर मोठ्या करंटला प्लेटच तापते. तेल उडणाऱ्या मशीनवर नायट्राइल रबरचे ग्लँड मागा. प्लेट परत बसवताना तिचं गॅस्केट आणि अर्थची वेणी दोन्ही जागेवर आहेत ना, ते बघून मगच मेन चालू करा.