फर्नेस घेताय? फक्त स्टिकर बघा

घरी नवीन फर्नेस, म्हणजे थंडीत घर गरम करणारं गॅसवरचं मशीन, बसवायचीय ना, मग मशीनकडे बघूच नका, पत्र्यावर नाव कुणाचं चिकटवलंय तेवढं बघा. भारी नावाची ऊबच वेगळी असते म्हणे. कॅरियर, ब्रायंट आणि पेन हे तिन्ही एकाच कंपनीचे ब्रँड, ट्रेन (Trane) आणि अमेरिकन स्टँडर्डही एकाच घरातले, असलं काही कोणी सांगायला लागलं तर सरळ विषय बदला, उगाच आपला मूड जातो.

साईज? मोठीच घ्या. भिंतीत इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) किती, खिडक्या किती, हे मोजून हिशोब करत बसायला इन्स्टॉलरला वेळ कुठंय, त्याने दारातूनच नजर फिरवली आणि "जुनी किती बीटीयूची होती?" (बीटीयू म्हणजे उष्णतेचं माप) एवढं विचारलं की समजायचं, माणूस जाणकार आहे. मोठी फर्नेस चार मिनिटांत हॉल तापवून बंद पडते, थोड्या वेळाने परत चालू, परत बंद, आणि तोवर टोकाच्या बेडरूममध्ये तुम्ही दोन ब्लँकेटं घेऊन कुडकुडताय. डक्ट, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणारे पाईप, अपुरे आहेत का वगैरे विचारू नका, ते दिसत नाहीत ना, मग झालं.

माझी प्रीमियमवाली पहिल्याच थंडीत रुसली. पेटायची, दोनतीन सेकंदांत विझायची. मेकॅनिकने आतून बोटाएवढी एक दांडी काढली, फ्लेम सेन्सर म्हणे, ज्योत पेटली का ते ओळखणारा, बारीक स्टील वूलने घासली, परत बसवली आणि फर्नेस सुरू. मी विचारलं, स्वस्तातल्या फर्नेसला पण हे असतं का? तर म्हणतो, हीच दांडी असते. (मी ऐकलं नाही असं दाखवलं.)

आता बजेटवाल्यांनो, तुम्ही पण मागे राहू नका. सगळ्यात स्वस्त फर्नेस आणि त्याहून स्वस्त इन्स्टॉलर, जोडी जमली पाहिजे. 80 टक्के कार्यक्षमतेवालीत वीसेक टक्के उष्णता बाहेर जाते, तर तुम्ही 96 टक्केवालीतली सगळ्यात स्वस्त घ्या, ती धुरातल्या वाफेचीही उष्णता ओढून घेते, म्हणून तिच्यातून पाणी निघतं. ते जायच्या पाईपला उतार देणं वगैरे लाड मात्र नकोत. पाणी तुंबलं की प्रेशर स्विच फर्नेसच बंद करतो, तेवढाच गॅस वाचला.

फिल्टर बदलायचा नाही हे वेगळं सांगायला नकोच, त्याच्यावर धुळीची गोधडी तयार झाली की ती पण ऊबच की.

राहता राहिली वॉरंटी. बऱ्याच कंपन्यांत 60 नाहीतर 90 दिवसांत नोंदणी केली नाही तर पार्ट्सची वॉरंटी 10 वर्षांवरून 5 वर येते, आणि मजुरी तर बहुतेक वेळा त्यात नसतेच. म्हणून नोंदणीचं ते कार्ड भरायची घाई करू नका. एवढ्या मोठ्या फर्नेसच्या जोरदार हवेने हॉलमधली ग्रिल खडखडते, तिच्या फटीत घडी घालून खुपसायला ते एकदम मापाचं असतं. माझं अजून तिथंच आहे.