पाळी चालू आहे तोवर सिगारेट चालते म्हणे!

"स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन फुप्फुसांना कवच देतं. पाळी चालू आहे तोवर सिगारेटने काही होत नाही. बायकांना फुप्फुसाचा कॅन्सर होतो तो हार्मोनच्या गोळ्यांमुळे, त्या आजच बंद करा. न ओढणाऱ्यांनाही होतोच, मग सोडून काय उपयोग? ओढायचीच तर लाइट ओढा." असा मेसेज फिरतोय, शेवटी हात जोडून 'सर्व भगिनींना पाठवा'. माझ्या धाकट्या बहिणीने तो मला पाठवला, वर स्वतःची पुस्ती: "ताई, म्हणजे अजून दहा-बारा वर्षं बिनघोर!" ती अडतीस वर्षांची आहे, चांगली शिकलेली आहे आणि सिगारेट ओढते.

आधी ते कवच. फुप्फुसाच्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं त्या जागा, असतात, एवढंच त्यात खरं. प्रयोगशाळेत तर इस्ट्रोजेनमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरच्या काही पेशी उलट जोमाने वाढलेल्या दिसतात. धुरातलं बेंझोपायरीन हे कॅन्सरकारक रसायन डीएनएला चिकटून त्यात बिघाड करतं, ते काही पाळीची तारीख विचारून नाही. त्यात सिगारेट ओढणाऱ्या बायकांची पाळी इतरांपेक्षा साधारण एक-दोन वर्षं आधी जाते. म्हणजे कवच आहे असं घटकाभर मानलं, तरी त्याला पहिलं भोक सिगारेटच पाडणार.

बायकांना सिगारेट कमी बाधते हा समज आला कुठून, तेही सांगते. पूर्वीच्या पिढ्यांतल्या बायका पुरुषांपेक्षा उशिरा ओढायला लागायच्या आणि कमी ओढायच्या. शिवाय हा कॅन्सर वर यायला काही दशकं लागतात. त्यामुळे जुन्या आकड्यांत बायका सुरक्षित दिसल्या. ब्रिटनमध्ये 1940 च्या आसपास जन्मलेल्या बायका आयुष्यभर ओढत आलेली पहिली पिढी. तिथल्या 'मिलियन विमेन स्टडी'त सुमारे बारा लाख बायकांची माहिती तपासली आणि 2012 मध्ये ती 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापली. कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत ओढणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण 21 पट निघालं. एकूण आयुष्य किमान दहा वर्षांनी कमी. दिवसाला दहापेक्षा कमी ओढणाऱ्यांचाही एकूण मृत्युदर दुप्पट. आणि चाळिशीच्या आत सोडलं, तर सिगारेटमुळे वाढलेला मृत्यूचा धोका नव्वद टक्क्यांहून जास्त टळतो. म्हणजे सोडायची खरी वेळ पाळी चालू असतानाचीच, आणि मेसेज नेमकी तीच वर्षं ओढत घालवायला सांगतोय!

आता गोळ्या. इथे अर्धा मुद्दा कबूल करावा लागतो. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (दोन्ही गट मिळून पाळी गेलेल्या 16,608 बायका) इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कॅन्सरने 73 मृत्यू झाले, नुसती दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटात 40. कॅन्सर होण्याचं प्रमाण मात्र ठामपणे म्हणावं इतकं वाढलं नाही. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, तेव्हा मृत्यूही वाढले नाहीत. यावरून 'हार्मोनच्या गोळ्या आजच बंद करा'? थायरॉइडची गोळीही हार्मोनचीच असते. हा मेसेज वाचून कुणी ती बंद केली, तर जबाबदार कोण? गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि सिगारेट ओढत असाल तर तेही लपवू नका. कारण पस्तिशीनंतर सिगारेट आणि इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी ही जोडी हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका वाढवते. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

न ओढणाऱ्यांनाही होतो, हे खरंच आहे. दुसऱ्याचा धूर, चुलीचा धूर, जमिनीतून येणारा किरणोत्सारी रेडॉन वायू, प्रदूषित हवा, कारणं बरीच आहेत. पण त्यावरून ओढणाऱ्यांना सूट कशी मिळते, हे मला अजून कळलेलं नाही.

राहिली लाइट. तिच्या फिल्टरभोवती बारीक छिद्रं असतात, मशीनने मोजताना त्यांतून हवा मिसळते आणि टार, म्हणजे धुरातला चिकट विषारी भाग, कमी भरतं. ओढताना तीच छिद्रं बोटांनी आणि ओठांनी झाकली जातात. शिवाय निकोटीन पुरलं नाही की माणूस आपोआप खोल झुरका घेतो.