बंदुकीची दारू घरी करणं निर्धोकही नाही आणि कायदेशीरही नाही

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या नेमबाजीच्या आणि जुन्या हत्यारांच्या शौकिनांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. चोपड्याकडच्या एका ओळखीच्या पोराने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, “नाना, करून पाहू का? काही व्हत नही म्हणतंस सगळा.” त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या बंदुकीला लागणारी काळी दारू घरी करणं ही शिवकाळापासूनची आपली विद्या आहे. ही दारू सौम्य असते, नुसती भुर्रकन जळते, फुटत नाही. थोडीथोडी केली तर धोका नाही. बंदुकीचा परवाना असला की दारूसाठी वेगळी परवानगी लागत नाही. अमेरिकेत हजारो शौकीन घरीच करतात. आणि घरची दारू कारखान्यातल्या दारूपेक्षा सरस असते. शेवटी ‘छंद जिवंत ठेवा, पुढे पाठवा’ असं आवाहन.

सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर-यावल पट्ट्यात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक बऱ्याच घरांत असायची. आमच्याही होती. तिचा गज, तिचा घोडा, टोपी बसवायचा तो छोटासा खिळा, बार उडाल्यावर शेतावर पसरणारा पांढरा धूर, हे सगळं मला आजही प्रिय आहे. या बंदुकांचा इतिहास पोरांना कळावा, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मजकूर मी सोडून देऊ शकत नाही. दारूची कृती मात्र या लेखात कुठेही मिळणार नाही.

सगळ्यात जास्त घात करणारा शब्द ‘सौम्य’ हा आहे. त्यात अर्धं खरं आहे म्हणून तो पटतो. बंदुकीच्या नळीत काळ्या दारूचा दाब आजच्या काडतुसातल्या बिनधुराच्या दारूपेक्षा कमी असतो, हे खरंच आहे. पण नळीत दाब किती येतो हा एक प्रश्न आणि दारू पेट किती सहज घेते हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात काळी दारू कितीतरी जास्त वाईट आहे. बिनधुराची दारू उघड्यावर पेटली तर त्यामानाने सावकाश जळते. काळ्या दारूला एक ठिणगी पुरते, आणि हात मागे घ्यायच्या आत अख्खा ढीग पेटलेला असतो. जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनरूपातच उरतो. तो दाट धूर म्हणजे तेच. हे क्षार ज्वाळेत वितळलेल्या, तापलेल्या कणांच्या रूपात उडतात आणि कातडीला चिकटतात. अंगात नायलॉन किंवा टेरिकॉट असेल तर कापडही वितळून कातडीत रुततं. आणि ‘फुटत नाही’ हे तर साफ खोटं. हीच दारू डब्यात, बरणीत, पाइपात, कशातही कोंडलेली असली की स्फोटच होतो.

एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बार उडाल्यावर गजाला ओलं फडकं गुंडाळून नळीत घाला. बाहेर येताना ते काळंकुट्ट, चिकट झालेलं असतं आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. त्या काजळीत कधीकधी एखादा बारीक निखारा जिवंत राहतो. बाहेरून काही दिसत नाही, नळी हाताला फारशी गरमही लागत नाही. अशा वेळी दारू ठेवायच्या शिंगातून किंवा कुप्पीतून थेट नळीत दारू ओतली, की तो निखारा ओतत्या धारेतून वर चढतो आणि हातातली अख्खी कुप्पी फुटते. म्हणून ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत कुप्पीतून थेट भरायला बंदी आहे. प्रत्येक बाराची दारू आधीच मोजून वेगवेगळ्या छोट्या नळ्यांत आणावी लागते. हा नियम जाणत्या नेमबाजांसाठी आहे आणि तोही कारखान्यात तयार झालेल्या, पारखलेल्या दारूसाठी. ज्या दारूची सौम्य म्हणून जाहिरात चालली आहे, तिच्याशी आयुष्यभर खेळलेली माणसं तिला इतकं घाबरून वागतात.

आता ‘थोडी केली तर धोका नाही’. किती थोडी, हे मजकुरात कुठेच नाही. एका बाराला लागणारी दारू हातावर मावते, पण तेवढ्यासाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही. करणारा डबाभर करतो आणि ती ठेवतो घरात. घर म्हणजे कोणतं? गावठाणातलं, भिंतीला भिंत लागून असलेलं धाब्याचं घर. दिवाळीनंतर तर भाव वाढेल या आशेने खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला असतो. खान्देशातल्या कुणालाही मी काय म्हणतोय ते समजावून सांगावं लागणार नाही. शेजारच्या खोलीत चूल, वर लोंबकळणारी वायर, अंगणात खेळणारी पोरं. छंद एकाचा असतो, पण आग लागली की अख्ख्या गल्लीला भोगावं लागतं.

ज्यांनी हा धंदा मुरलेल्या कारागिरांना घेऊन आणि भांडवल ओतून केला, त्यांचं काय झालं तेही पाहा. अमेरिकेत डेलावेअरमध्ये ब्रँडीवाइन नदीकाठी ड्यू पाँ घराण्याने १८०२ साली दारूचा कारखाना काढला. तिथल्या गिरण्यांना तीन बाजूंनी जाडजूड दगडी भिंती होत्या, नदीकडची बाजू आणि छप्पर मात्र मुद्दाम हलकं. म्हणजे स्फोट होणार हे धरूनच इमारत बांधली होती, एवढंच की त्याचा मारा नदीकडे जावा. १९२१ साली तो कारखाना बंद होईपर्यंत तिथे दोनशेहून अधिक माणसं स्फोटांत गेली. अलीकडचं उदाहरण डॅन पॉलॅक यांचं. काळ्या दारूला त्यातल्या त्यात कमी धोक्याचा पर्याय म्हणून ‘पायरोडेक्स’ शोधून काढणारा हा माणूस. या विषयातलं त्याचं ज्ञान कुणीही नाकारणार नाही. १९७७ साली वॉशिंग्टन राज्यातल्या त्याच्याच कारखान्यात आग लागून स्फोट झाला, त्यात तो आणि त्याचे सहकारी गेले. घरी मिक्सर आणि पाटा-वरवंटा घेऊन बसणाऱ्याला त्याच्यापेक्षा काय जास्त कळतं?

आपल्याकडचंही सांगतो. एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात निजामपूर-जैताणे परिसरात वाढदिवसाच्या मेणबत्त्या करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत काम करणाऱ्या बायका जिवाला मुकल्या. त्याच वर्षी डिसेंबरात पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात ठिणग्यांच्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात पुन्हा तेच झालं. केकवर लावायची ती इवलीशी मेणबत्ती! तिच्यासाठीची भुकटी जर बायाबापड्यांचा असा घास घेते, तर बंदुकीच्या दारूला ‘थोडी’ हा शब्द लावून ती निरुपद्रवी होत नाही.

परवान्याचा मुद्दा सरळ आहे, पण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. बंदुकीचा परवाना म्हणजे ते हत्यार बाळगण्याचा आणि त्यावर नमूद असेल तेवढाच दारूगोळा घेण्याचा परवाना. दारू तयार करणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट. १८८४ च्या स्फोटक कायद्यात स्फोटकाची व्याख्या सुरू होते तीच बंदुकीच्या दारूच्या नावाने. २००८ च्या स्फोटक नियमांत तिला पहिलाच वर्ग दिलेला आहे. एका वेळी पंधरा किलोपर्यंत दारू तयार करायची असेल तरी जिल्हादंडाधिकाऱ्यांचा उत्पादनाचा परवाना लागतो. त्यापुढच्या उत्पादनाचा परवाना ‘पेसो’कडे, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या, नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे. आणि परवाना म्हणजे नुसता कागद नाही. जागा, अंतरं, शेड, साठा, सगळं तपासलं जातं. परवान्याशिवाय तयार केली तर याच कायद्याच्या कलम ९ब खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलिसांना हेतूचा संशय आला तर १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा लागतो आणि तिथे शिक्षा पुष्कळ वाढते. ज्या चोपडा-शिरपूर पट्ट्यात गावठी कट्ट्यांच्या बातम्या सतत येतात, तिथे घरात दारूचा डबा सापडलेल्या माणसाने ‘छंद आहे साहेब’ म्हटलं तर ते कोण ऐकणार? वर शस्त्रपरवाना जाईल तो वेगळाच. बापाच्या, आजोबाच्या नावाने चालत आलेला परवाना एकदा गेला की परत मिळवताना काय हाल होतात, हे ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा.

‘दारूला लागणाऱ्या तिन्ही वस्तू बाजारात उघड मिळतात, मग कायदा कसा आडवा येईल’ असंही मजकुरात आहे. वस्तू सुट्या मिळतात त्या शेती, औषधं, उद्योग यांच्यासाठी. त्या एकत्र करण्याची परवानगी त्या विक्रीतून मिळत नाही.

अमेरिकेचं उदाहरण देणाऱ्याने तिथला कायदा वाचलेला दिसत नाही. पुराण्या बनावटीच्या बंदुकांत खेळ म्हणून वापरण्यासाठी पन्नास पौंडांपर्यंत काळी दारू तिथे केंद्राच्या परवान्याशिवाय बाळगता येते, ही सवलत खरी आहे. पण त्या कलमातले शब्द ‘व्यापारी तत्त्वावर उत्पादित’ दारूबद्दल आहेत, म्हणजे कारखान्यात तयार झालेल्या. ठासणीच्या बंदुकांच्या जागतिक स्पर्धा भरवणारी एमएलएआयसी ही संघटनासुद्धा स्पर्धेत फक्त कारखान्यातलीच काळी दारू चालवते. मजकूर ज्यांचा दाखला देतो, त्यांच्याच मैदानावर घरची दारू चालत नाही. आणि तिथला कायदा कसाही असला तरी यावलच्या माणसाला लागू होतो तो भारताचा कायदा.

शिवकाळाचा दाखला वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यात आपल्याच पूर्वजांची शिस्त पुसून टाकली आहे. मराठ्यांच्या गडांवर दारूखाना असे, पण तो कुणाच्या माजघरात नसे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दारूखाना घरांपासून दूर ठेवण्याची आणि तिथे विस्तव येऊ न देण्याची ताकीद आहे. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्याला जे कळत होतं, ते त्याचं नाव घेणारा हा मजकूर विसरतो. आणि खान्देशच्या इतिहासातलंच हवं असेल तर असीरगड घ्या, फारुकी सुलतानांच्या काळापासून खान्देशचा दरवाजा मानलेला किल्ला. १८१९ च्या वेढ्यात इंग्रजांच्या तोफांच्या मागे ठेवलेली त्यांचीच दारू भडकली आणि त्यांचेच शिपाई मेले. किल्ल्यातून गोळा आला म्हणून नव्हे. शिस्तीची फौज, पिंपांत नीट भरलेली दारू, राखायला माणसं, तरीही.

‘घरची दारू सरस’ यावर फार बोलायची गरज नाही. कारखान्यातल्या दारूचा दाणा चाळून प्रतवारी केलेला असतो, कारण दाणा बारीक झाला की दारू झपाट्याने जळते आणि दाब वाढतो. घरी कोळसा कोणत्या लाकडाचा, ओल किती, मिसळण किती एकसारखी, यातलं काहीच दोनदा सारखं येत नाही. आज बार फुसका गेला म्हणून उद्या माणूस जास्त भरतो, आणि उद्याची दारू नेमकी जलद निघते. समोर नळी असते आजोबांच्या काळातली, आतून गंजाने खड्डे पडलेली. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते, म्हणून बार झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धुवावी लागते. किती घरांत ते वर्षानुवर्षं झालं असेल? अशी नळी फाटते तेव्हा ती घोड्याजवळ, म्हणजे डोळ्याजवळ आणि डाव्या हाताजवळ फाटते.

मजकुराखाली कुणीतरी भर घातली आहे की सोरा (दारूत लागणारा क्षार) नसेल तर फटाक्यांतली दारू काढून भरा. ही भर सगळ्यात जीवघेणी आहे. आवाजी फटाक्यांत ॲल्युमिनियमची भुकटी घातलेली मिश्रणं असतात. ती बंदुकीसाठी नसतातच, नळीत ती ढकलत नाहीत, फोडतात. बेकायदा फटाक्यांत क्लोरेट नावाचं रसायनही सापडतं. गंधक आणि क्लोरेट एकत्र आले की नुसत्या घासण्याने भडका उडतो, म्हणून १९९२ पासून आपल्याकडे त्या मिश्रणावर बंदीच आहे. ज्याने हे लिहिलं त्याच्यापर्यंत पोचता आलं तर कृपा करून त्याला हे काढायला सांगा.

कुणाकडे अशी दारू आधीच करून ठेवलेली असेल तर ती जाळू नका, खलू नका, डबा हलवून बघू नका, दुचाकीच्या डिकीत घालून नदीवर नेऊ नका. घरातल्यांना बाहेर काढा, त्या खोलीत विस्तव आणि विडी-सिगारेट येऊ देऊ नका आणि ११२ वर फोन करा. जिल्हा पोलिसांकडे बॉम्बशोधक व नाशक पथक असतं, हे त्यांचं रोजचं काम आहे. गुन्ह्याची भीती वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला, पण डब्याला हात लावू नका.

राहिला छंद. नेमबाजी शिकायची असेल तर हवेची रायफल आहे. साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ताकदीची असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तिला परवानाही लागत नाही. दहा मीटरचा ऑलिंपिकमधला खेळ याच साडेचार मिलिमीटरच्या नळीवर होतो. श्वास, पकड, घोडा दाबण्याची नजाकत, सगळं तिथे शिकता येतं, आणि ज्याला पुढे जायचं आहे तो रीतसर क्लबातून, परवान्याच्या काडतुसांवर जाऊ शकतो. ठासणीच्या बंदुकीचंच वेड असेल तर तिची निगा शिका, तिचे भाग ओळखा, गावातल्या म्हाताऱ्यांकडून तिच्या गोष्टी उतरवून घ्या. चोपड्याच्या त्या पोराने आजोबांच्या बंदुकीचे फोटो पाठवले आहेत. नळीवर कारागिराची खूण आहे. ती कुठल्या कारखान्याची, ते आम्ही दोघं मिळून शोधतोय.