मग त्या फॉर्मचं पुढं काय झालं रे?

परवा तुर्भे नाक्यावर रिक्षाच्या लाईनीत उभा होतो तर एक मावशी माझ्याकडे टक लावून बघतायत. मी नाही ओळखलं, खोटं कशाला बोलू. "तू तोच ना, फॉर्मवाला?" मग कुठे ट्यूब पेटली. बारा-तेरा वर्षं झाली त्याला, एमएसडब्ल्यूला होतो आणि आमच्या सरांच्या एका प्रोजेक्टसाठी तुर्भे स्टोअरच्या मागे, खाणींच्या बाजूच्या वस्तीत घरोघर फिरून फॉर्म भरायचो. घरात खोकला कोणाला, पोरं महिन्यातून किती दिवस शाळा बुडवतात आणि का, पाणी कुठून आणता, स्वयंपाक चुलीवर की रॉकेलवर. एका फॉर्मला पाऊण तास. मावशी तेव्हा खडी फोडायला जायच्या, खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली, तरी बसल्या, सगळी उत्तरं दिली, वर कोरा चहा पाजला आणि दूध नाही म्हणून स्वतःच ओशाळल्या.

तर परवा त्यांनी विचारलं, "मग त्या फॉर्मचं पुढं काय झालं रे?"

मी म्हटलं रिपोर्ट वरती गेला. वरती म्हणजे कुठे, देव जाणे. रिक्षा आली, मी सुटलो.

पण डोक्यातून जाईना. रात्री ऐरोलीला घरी येऊन शोधत बसलो आणि सापडला की त्या प्रोजेक्टवरचा रिसर्च पेपर! परदेशातल्या एका जर्नलमध्ये, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकात. सरांचं नाव, आठ ओळींचा सारांश, आणि खाली बटण: ३९ डॉलर भरा, २४ तास वाचा. तीन हजारांच्या वर झाले ना राव, तेही एका दिवसासाठी. जे फॉर्म मी माझ्या हाताने भरले, ज्यात मावशींच्या घरातला खोकला आहे, ते वाचायला.

आता हिशोब बघा. सरांचा पगार सरकारी. प्रोजेक्टची ग्रँट सरकारी. फॉर्म आम्ही पोरांनी भरले, प्रवासखर्च आणि वडापाववर. उत्तरं वस्तीने दिली, फुकट. पेपर तपासणारे पण दुसऱ्या कॉलेजचे प्राध्यापकच असतात आणि बहुतेक वेळा त्यांनाही एक रुपया मिळत नाही. मग छापणारा तो पेपर कुलपात घालतो आणि आपल्याच कॉलेजच्या लायब्ररीला विकतो. आपलंच धान्य, आपलंच दळण, आणि पीठ विकत घ्यायचं.

कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, की अरे वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलं ना, सरकारने एकदाच पैसे भरायचे आणि सरकारी संस्थांना जर्नल्स वाचायला मिळायची ती योजना. आलं. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्राने मंजूर केलं, २०२५ ते २०२७ तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास जर्नल्स, ६,३०० च्या वर सरकारी संस्था. सरकारी कॉलेजातल्या पोरांसाठी खरंच मोठी गोष्ट आहे, नाक मुरडणार नाही. पण मी आज एका छोट्या संस्थेत काम करतो, मी त्यात नाही. शहापूरच्या झेडपी शाळेतल्या बाई नाहीत, दिघ्याची आशाताई नाही. आणि एवढे पैसे भरून पेपर आपले होतात का तर नाही, हे लिव्ह अँड लायसन्सच आहे, फक्त ११ महिन्यांच्या ऐवजी ३ वर्षांचं.

उलटं उदाहरण देतो. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत एक अभ्यास केला, गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा. दहावी शिकलेल्या बायकांना ट्रेनिंग दिलं, तपासणी कशाने तर पातळ ॲसिटिक ॲसिडने, म्हणजे आपलं व्हिनेगर. दोन्ही गट मिळून दीड लाख बायका, आणि तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. २०१४ चा पेपर आहे, आख्खा फुकट वाचता येतो, पबमेड सेंट्रल या फुकट ऑनलाईन लायब्ररीत पडलाय. का, तर त्यात अमेरिकेच्या एनआयएचचा, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचा पैसा होता आणि एनआयएचचा २००८ पासून नियमच आहे की आमच्या पैशातून झालेलं काम तिथे सगळ्यांसाठी ठेवायचं. म्हणजे मुंबईच्या बायकांचा अभ्यास मुंबईकराला वाचायला मिळतो, आणि नियम अमेरिकेचा! आपल्याकडे पण डीबीटी-डीएसटी या केंद्राच्या विज्ञान खात्यांनी डिसेंबर २०१४ ला अशीच पॉलिसी काढलीये. कागदावर छान आहे.

आपण अगदीच कमी नाही पण. शोधगंगा बघा, पीएचडी प्रबंधांची वेबसाईट, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची. यूजीसीने २००९ ला नियम केला की पीएचडीचा प्रबंध ऑनलाईन द्यायचा, आज तिथे लाखो प्रबंध आहेत, मराठीतले पण, झेडपी शाळांवरचे, अंगणवाड्यांवरचे. उघडलं की ०१ टायटल, ०२ सर्टिफिकेट अशा तुकड्या तुकड्याच्या फायली, डाऊनलोड करता करता जीव जातो, पण कुलूप नाही. माझ्या एका मैत्रिणीने, झेडपीत शिक्षिका आहे, पोरांच्या शाळागळतीवरचा एक प्रबंध तिथूनच वाचला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या पालकांचा फॉलोअप तसाच सुरू केला.

ओपन, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचायला खुलं, म्हणून सगळं गोड असं पण नाही हां. "सर, आठ दिवसात पेपर छापून देतो, फक्त फी भरा" असले मेसेज प्राध्यापकांना रोज येतात आणि प्रमोशनसाठी लोक भरतात. दुसऱ्या टोकाला नेचर या नामांकित जर्नलवाले, एक पेपर ओपन ठेवायचा तर ९,५०० युरो, हा दर त्यांनी २०२० ला जाहीर केलेला. वाचणाऱ्याकडून नाही तर लिहिणाऱ्याकडून, वसुली आहेच. पण मधला रस्ता आहे की. बऱ्याच जर्नल्सना चालतं, छापायला मंजूर झालेली स्वतःची कॉपी लेखकाने काही महिन्यांनी विद्यापीठाच्या साईटवर टाकायची. खर्च शून्य. टाकत नाहीत, कारण कोणी मागत नाही आणि टाकली म्हणून कोणी पाठ थोपटत नाही.

शेवटी मी सरांनाच मेल केला. जरा बिचकतच, इतक्या वर्षांनी. वीस मिनिटांत पीडीएफ आली! सोबत एक ओळ, "अरे, हा पेपर मागणारा तू पहिलाच." मला आनंद व्हावा की राग यावा तेच कळेना. बावीस पानं आहेत. आभारात संपादकांचं नाव, आमचे "फील्ड इन्व्हेस्टिगेटर्स" म्हणून एकत्र आभार. वस्तीचं नाव नाही, ते गोपनीयतेसाठी, मान्य. पण "माहिती देणाऱ्या कुटुंबांचे आभार" एवढं तरी?

तर आता दोन पानी मराठी करतोय. मावशींना वाचता येत नाही, पण नात महापालिकेच्या शाळेत आठवीत आहे, ती वाचून दाखवेल, म्हणजे आठवीच्या पोरीला कळेल असं पाहिजे. पहिलं पान जमलंय. "रिस्पॉन्डंट्स"चं आधी "उत्तरदाते" केलं होतं, खोडलं, आता सरळ "तुम्ही" लिहिलंय. टेबल ४ ला मात्र गाडी अडकलीये. कोणी स्टॅटिस्टिक्सवालं असेल तर कमेंट करा, ऑड्स रेशो (दोन गटांची तुलना करणारा आकडा) आठवीच्या पोरीला मराठीत कसा सांगायचा? रविवारी सकाळी वस्तीत जातोय, त्याच्या आधी पाहिजे.