चर्चची महिला मंडळं म्हणजे ‘म्हाताऱ्यांची भिशी’? मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सअॅपवर एक मजकूर शब्द बदलून बदलून फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: “चर्चमधली महिला मंडळं म्हणजे म्हाताऱ्या बायकांची भिशी. पैसा परदेशातून येतो. गाणी, प्रार्थना, चहा-केक, संपलं. गरिबाला तांदूळ देतील, पण तो गरीब का, हे विचारणार नाहीत. तरुण मुली फिरकत नाहीत, तेव्हा दहा वर्षांत हे सगळं आपोआप बंद पडेल.”

यात चार दावे आहेत. तीन चुकीचे आहेत. चौथ्यात तथ्य आहे, पण त्याचं कारण चुकीचं सांगितलंय. म्हणून त्यावरचे उपाय शेवटी सविस्तर दिले आहेत.

“पैसा परदेशातून येतो”

आधी यातला खरा भाग. मार्च १८६९ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टनच्या ट्रेमाँट स्ट्रीट मेथॉडिस्ट चर्चमध्ये भर पावसात मोजक्या बायका जमल्या आणि त्यांनी परदेशातल्या स्त्रियांसाठी काम करणारी संस्था काढली. वर्गणी आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना. त्याच वर्षी त्यांनी शिक्षिका इझाबेला थोबर्न आणि डॉक्टर क्लारा स्वेन यांना हिंदुस्थानात पाठवलं. १८७० मध्ये लखनौत थोबर्नबाईंनी सहा मुलींना घेऊन शाळा सुरू केली. पुढे त्यातूनच मुलींचं कॉलेज उभं राहिलं. बरेलीत स्वेनबाईंना जागा दिली ती रामपूरच्या नवाबांनी, आणि १८७४ मध्ये तिथे स्त्रियांचं रुग्णालय सुरू झालं. म्हणजे पैसा बाहेरून आला हे खरं. पण तो घरखर्चातून दोन-दोन सेंट बाजूला काढणाऱ्या बायकांचा होता, आणि त्यांना स्वतःच्या देशात सरसकट मताचा अधिकार मिळायला अजून ५१ वर्षं होती.

आजचं चित्र वेगळं आहे. परदेशी देणगी घ्यायची तर २०१० च्या परदेशी योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात येऊ शकते, आणि ती घेणाऱ्या संस्थेला पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मंडळीच्या (म्हणजे एखाद्या चर्चच्या सभासदांच्या) महिला मंडळाची अशी नोंदणी किंवा परवानगी नसेल, तर त्याने परदेशातला एक रुपयाही घेणं हा गुन्हा ठरेल. मंडळाची खरी मिळकत असते मासिक वर्गणी, उपकारस्तुतीचं (देवाचे आभार मानून दिलेलं) अर्पण, सुगीच्या सणातला लिलाव आणि नाताळच्या फराळाची विक्री.

उलट, चर्चच्या बायकांनी जगाला दिलेली पैशाची एक मोठी कल्पना एका भारतीय स्त्रीची आहे. १९५६ मध्ये शांती सॉलोमन आशियातल्या देशांना भेटी देणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या गटात होत्या. त्यांना कोरियाचा व्हिसा नाकारला गेला आणि त्या फिलिपिन्समध्ये मागे थांबल्या. तिथे त्यांनी सुचवलं की प्रत्येक स्त्रीने प्रार्थना करताना आपल्या देशातलं सगळ्यात लहान नाणं बाजूला ठेवावं. श्रीमंत देशातलीनेही तेवढंच, गरीब देशातलीनेही तेवढंच. हा ‘लहानात लहान नाण्या’चा उपक्रम आजही चालू आहे. यात जास्त देणारीला जास्त मान मिळत नाही, आणि आमच्या मते त्याचं खरं मोल इथेच आहे. आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्ये चलनातून गेल्यापासून हे नाणं व्यवहारात एक रुपयाचं झालं. डबा वर्षातून एकदाच उघडला की चिल्लरीचा ढीग होतो आणि खजिनदार बँकेत जायचं टाळते. तीन महिन्यांनी उघडा, दोघींनी मोजा, १०० नाण्यांची एक अशा प्लॅस्टिक पिशव्या करा. बँकेला नाणी नाकारता येत नाहीत, पण मोजून-बांधून नेली तर काउंटरवर वाद होत नाही.

मिझोराममध्ये १९१० पासून प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायका प्रत्येक वेळी भात लावताना एक मूठ तांदूळ वेगळा काढतात. त्याला ‘बुहफाइ थाम’ म्हणतात. बायकाच घरोघर जाऊन तो गोळा करतात, तो विकला जातो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. हिशेब करून पाहा. मूठ ५० ग्रॅमची धरली आणि घरात दोनदा भात झाला, तर महिन्याला तीन किलो. शंभर घरांचे तीन क्विंटल. आपल्या मंडळीत हे करायचं असेल तर गोळा करण्यात महिन्याची ढिलाई नको, दर आठवड्याला करा. पावसाळ्यात महिनाभर साठलेल्या तांदळात सोंडे होतात. जाडा, बारीक आणि रेशनचा तांदूळ एकाच पोत्यात गेला तर तो शिजतही नीट नाही आणि विकलाही जात नाही, तेव्हा डबे वेगळे ठेवा. वजन दारातच, घरच्या बाईसमोर करा. चर्चमध्ये आणून केलं की “आमच्याकडून जास्त गेला होता” ही कुरबुर ठरलेली.

“गाणी आणि प्रार्थना, संपलं”

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी मराठी चर्चमध्ये जागतिक प्रार्थना दिन पाळतात. १९२७ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवसाची उपासना दर वर्षी एकेका देशातल्या स्त्रिया लिहितात. २०२४ मध्ये ती पॅलेस्टाइनच्या स्त्रियांनी लिहिली होती, २०२५ मध्ये कुक बेटांवरच्या. त्यामुळे खेड्यातल्या चर्चमध्येही त्या दिवशी एखाद्या दूरच्या देशातल्या बायकांचं रोजचं जगणं नावानिशी वाचलं जातं. ‘माहिती घेऊन प्रार्थना, प्रार्थनेतून कृती’ हे या दिवसाचं ब्रीद आहे. नुसतं वाचून थांबणारी मंडळं आहेत, हे कबूल. पण त्यात दोष प्रार्थनेचा नाही. उपासनेनंतर पुढच्या महिन्याचं एकही काम ठरवलं जात नाही, दोष तिथे आहे.

“गरीब का, हे विचारत नाहीत”

हा दावा वाचून खरोखर वाईट वाटतं, कारण इतिहास याच्या अगदी उलट आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या पुरुषांना झुंडी ठार मारत आणि वर सांगत, “आम्ही गोऱ्या बायकांच्या अब्रूसाठी हे केलं.” १९३० मध्ये जेसी डॅनियल एम्स यांनी गोऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली, ती मुख्यतः चर्चच्या महिला मंडळांच्या जाळ्यावर. त्यांचं म्हणणं एकच होतं, आमच्या नावाने हे खून करू नका. ४० हजारांहून अधिक बायकांनी तशा प्रतिज्ञेवर सह्या केल्या. त्या आपापल्या तालुक्याच्या पोलीसप्रमुखाकडे जाऊन त्याचीही सही मागत. त्यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. संघटना फक्त गोऱ्या स्त्रियांची होती, आणि झुंडबळींविरुद्ध केंद्रीय कायदा व्हावा या मागणीला तिने पाठिंबा दिला नाही.

त्याच परंपरेतलं पुढचं काम जास्त धारदार आहे. मेथॉडिस्ट स्त्रियांच्या शाळा आणि वसतिगृहं राज्याराज्यांत होती. कुठे वर्णभेद पाळायला कायदाच भाग पाडतो आणि कुठे ती नुसती रूढी आहे, हे त्यांना नेमकं कळायला हवं होतं. असं संकलन कुठेच तयार नव्हतं. म्हणून त्यांनी पॉली मरे या काळ्या वकील स्त्रीला ते काम दिलं आणि खर्च उचलला. १९५१ मध्ये ७४६ पानांचा ग्रंथ छापून झाला. काळ्यांच्या हक्कांसाठी खटले लढणारे वकील थर्गुड मार्शल यांनी त्याला वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या वकिलांचं ‘बायबल’ म्हटलं. तीनच वर्षांनी, १९५४ मध्ये, शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला. एका महिला संघटनेने स्वतःच्या वसतिगृहांसाठी विचारलेला प्रश्न इतका लांब गेला.

आता आपल्याकडे. १८६९ च्या भारतीय घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरेसं होतं. बायकोला मात्र सहसा व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा दोन वर्षांचा परित्याग, असं दोन्ही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवरून बाईला घटस्फोट मिळत नव्हता. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं निवेदनं दिली, सरकारशीही बोलल्या आणि आपल्या धर्मनेतृत्वाशीही. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही जोडअट काढून टाकली आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. वारसाहक्काचंही तसंच. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं नसेल आणि मुलं असतील, तर १९२५ च्या कायद्याने विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलगा-मुलगी यांना समान मिळतात. (गोव्यात वेगळा दिवाणी कायदा लागू आहे.) “लग्न झालेल्या मुलीचा हक्क नसतो” असं आजही सांगितलं जातं. ते खोटं आहे हे एखाद्या बैठकीत वीस मिनिटं सांगणं, हेसुद्धा मंडळाचंच काम.

सेवेतून न्यायाकडे जायचं कसं, हे अगदी व्यवहारातलं आहे. एक वही ठेवा. रकाने पाच: तारीख, घर, अडचण, आपण काय केलं, ही अडचण पूर्वी कोणाला आली होती. तिसऱ्या विधवेला धान्य देताना शेवटचा रकाना भरला की कळतं, तिघींचीही संजय गांधी निराधार योजनेची प्रकरणं तहसीलमध्येच अडकलीत. मग पुढच्या महिन्यात धान्याबरोबर अर्जही जातो. या योजनेत विधवेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे, आणि प्रकरण बहुतेक वेळा उत्पन्नाच्या दाखल्यावर किंवा रहिवासाच्या पुराव्यावर अडतं. उत्तर मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. तक्रारीच्या सुरात लिहिला की अर्ज निकाली निघतो. “अमुक तारखेच्या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींची प्रत द्यावी” इतकंच लिहा.

प्रश्न चर्चच्या आतही विचारावे लागतात. दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या चर्चच्या शाळेत किंवा दवाखान्यात २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच. निम्म्या तरी स्त्रिया, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी, एक सदस्य बाहेरची. तक्रारीची मुदत तीन महिने. समितीची नावं भिंतीवर लावली आहेत का, हे मंडळाने वर्षातून एकदा जाऊन पाहावं.

“तरुण मुली फिरकत नाहीत”

हे बऱ्याच ठिकाणी खरं आहे. पण “आजच्या मुलींना श्रद्धा नाही” किंवा “मोबाइलमुळे” ही कारणं नव्हेत. कारणं मंडळाच्या रचनेत सापडतात.

पहिलं, वेळ. बुधवारी किंवा शुक्रवारी दुपारी तीनची बैठक नोकरीवालीला, कॉलेजातल्या मुलीला आणि लहान मूल असलेल्या आईला, तिघींनाही जमत नाही. रविवारी उपासनेनंतर ४५ मिनिटं घ्या, आणि त्या वेळात मुलं संडे स्कूलच्या शिक्षकांकडे राहतील अशी सोय आधी करा. दुसरं, लग्न झाल्यावरच सभासद करून घ्यायची चाल. अविवाहित पस्तिशीच्या बाईने जायचं कुठे? तरुण संघात ती मोठी, महिला मंडळात ती ‘मुलगी’.

तिसरं कारण सगळ्यात जड आहे: पदं वर्षानुवर्षं त्याच हातांत असतात आणि मुलींच्या वाट्याला गाणं म्हणणं आणि चहा देणं येतं. यावर चालणारा उपाय म्हणजे जोडीची पदं. खजिनदार दोघी, एक पन्नाशीपुढची, एक तिशीच्या आतली. मुदत दोन वर्षं आणि सलग दुसऱ्यांदा नाही. बँक खात्यावर तिघींच्या सह्या, व्यवहाराला कोणत्याही दोन. मावळती खजिनदार पहिले तीन महिने नवीबरोबर बसून हिशेब लिहिते. हे तीन महिने वगळले की जुनी वही हरवते आणि नवीवर संशय येतो. पद घ्यायला पुन्हा कोणी तयार होत नाही, ते इथूनच.

घरभेटीही जोडीनेच कराव्यात. कोणत्या घरात काय बोलायचं नाही, कोणाच्या सुनेला एकटीला गाठायचं, हे आजीला ठाऊक असतं. अर्ज कसा भरायचा हे मुलीला. पण इथे एक चूक हमखास होते. मुलगी नुसती ‘फॉर्म भरणारी’ होते आणि आजीचं ज्ञान कागदावर येतच नाही. म्हणून भेटीनंतर वहीत आजीने सांगायचं आणि मुलीने लिहायचं, आणि पुढच्या भेटीत बोलायची पाळी मुलीची, ऐकायची आजीची.

दुसरी चूक मोबाइल नंबरची. म्हाताऱ्या बाईकडे फोन नसतो, म्हणून मुलगी अर्जात स्वतःचा नंबर घालते. वर्षाने तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी जाते आणि ओटीपी तिच्याबरोबर जातो. खातं बंद नसतं, पण बाईला हयातीचा दाखला किंवा दुरुस्ती ऑनलाइन करता येत नाही आणि पैसे का थांबले हे कोणाला कळत नाही. नंबर नेहमी त्या बाईच्या घरातला द्या, तोच आधारला जोडून घ्या, आणि कोणाच्या अर्जात कोणता नंबर आहे हे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मंडळातली मुलगी लग्न होऊन किंवा नोकरीसाठी गाव सोडणार असेल, तेव्हा निरोपसमारंभाच्या आधी ते पान उघडून बसायचं.