पिओ गामा पिंटो यांना उपरे ठरवणाऱ्यांना उत्तर

फेब्रुवारी आला, म्हणजे पिंटोंच्या खुनाची तारीख जवळ आली, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्याचा आशय असा: पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी दुकानं चालवली, पैसा केला आणि केनियाच्या स्वातंत्र्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला पिओ गामा पिंटो हा काय तो अपवाद. पण तोही गोव्याहून गेलेला उपरा, बाहेरच्या पैशावर चालणारा कम्युनिस्ट, आणि म्हणूनच केनियाने त्याला झिडकारलं. केनियातले काहीजण हे भारतीयांना कमी लेखायला पुढे पाठवतात, आपल्याकडचे कम्युनिस्टांना. दोघांच्याही हातून एका माणसावर अन्याय होतो आहे, म्हणून एकेक विधान तपासू.

‘गोव्याहून गेलेला.’ पिंटोंचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत झाला. आईवडील गोव्याचे, वडील केनियात वसाहत सरकारच्या नोकरीत. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्याला शिकायला इकडे पाठवलं. गोव्यातली हडफड्याची शाळा, मग धारवाडचं कर्नाटक कॉलेज, नंतर काही काळ हवाई दल, आणि पुढे मुंबईत पोस्ट-तार खात्यात नोकरी. त्या नोकरीत ते संपात उतरले. पोर्तुगीजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोवा नॅशनल काँग्रेसच्या संस्थापकांमध्येही त्यांचं नाव आहे. पकडले गेले असते तर केप व्हर्दमधल्या ताराफालच्या छळछावणीत रवानगी ठरलेली होती. १९४९ मध्ये ते नैरोबीला गेले ते जन्मगावी परत गेले. ज्याचा जन्म आणि संसार नैरोबीतला, जो मेला नैरोबीत, त्याला उपरा म्हणायचं असेल तर त्याच्या कातडीच्या रंगाखेरीज दुसरा आधार मिळत नाही.

‘भारतीयांनी काही केलं नाही.’ इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. बहुसंख्य भारतीय लढ्यापासून अंग राखून होते. गोवेकरांपैकी बरेचजण सरकारी कचेऱ्यांत कारकून होते आणि साहेबाची मर्जी सांभाळण्यातच त्यांना सुरक्षित वाटत होतं. पण ‘बहुसंख्य’ आणि ‘सगळे’ यांत फरक आहे, आणि त्या फरकापायी काहींची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. माखन सिंग हे कामगार संघटनेचे नेते. एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या कालोलेनी हॉलमध्ये आफ्रिकन आणि भारतीय संघटनांची संयुक्त सभा भरली होती. पूर्व आफ्रिकेला पूर्ण स्वातंत्र्य द्या, ही मागणी त्यांनी तिथे उघडपणे मांडली. पुढच्याच महिन्यात त्यांना अटक झाली आणि ते सुटले १९६१ मध्ये. काही स्वातंत्र्यसेनानींना स्वतःच्या देशातही इतकी वर्षं सलग स्थानबद्धता भोगावी लागली नसेल. कापेंगुरियाच्या खटल्यात, पुढे केनियाचे पहिले राष्ट्रपती झालेल्या जोमो केन्याटांच्या बचावाला ब्रिटिश वकील डी. एन. प्रिट यांच्यासोबत अछ्रू कपिला, जसवंत सिंग आणि फिट्झ डिसूझा उभे राहिले. नेहरूंनी दिल्लीहून दिवाण चमनलाल यांना पाठवलं. माऊ माऊ या ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र बंडामुळे आणीबाणी जाहीर झालेली असताना ‘माऊ माऊचा म्होरक्या’ ठरवलेल्या माणसाचं वकीलपत्र घेणं म्हणजे काय, हे तिथल्या गोऱ्यांच्या संतापावरून समजतं.

स्वतः पिंटोंना १९५४ मध्ये, लग्नाला जेमतेम पाच-सहा महिने झालेले असताना उचललं. केनियाच्या किनाऱ्यावर लामूजवळच्या मांडा बेटावर, ‘कट्टर’ शिक्का बसलेल्या माऊ माऊ कैद्यांबरोबर त्यांनी सुमारे चार वर्षं काढली. तिथून सुटका झाली तीही अर्धवट. १९५९ च्या ऑक्टोबरपर्यंत आडबाजूच्या काबार्नेटमध्ये नजरकैद. ब्रिटिशांनी दुकानदार म्हणून त्यांना तिथे ठेवलं नव्हतं.

‘बाहेरचा पैसा.’ पैसा होता. १९६१ मध्ये पॅन आफ्रिकन प्रेस उभा राहिला तो नेहरूंच्या मदतीने, आणि त्यातून, स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या कानू पक्षाच्या बाजूची वर्तमानपत्रं निघाली. पण त्या काळात बाहेरची मदत कोण घेत नव्हतं? कानूचेच नेते टॉम म्बोयांनी केनियातली शेकडो मुलं अमेरिकेत शिकायला पाठवली ती तिकडच्या देणग्यांवर, आणि फार चांगलं काम केलं. कानूचे दुसरे नेते ओडिंगा यांचे पूर्वेकडच्या साम्यवादी देशांशी संबंध होते. मदत कुठून आली यावरून माणूस कुणाचा हे ठरवायचं, तर केनियाच्या पहिल्या मंत्रिमंडळातला कुणी केनियाचा उरणार नाही. पिंटो समाजवादी होते, ते त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांचा आग्रह जमिनीबद्दल होता. गोऱ्यांनी बळकावलेल्या जमिनी पुन्हा मूठभरांच्या हातात जाऊ नयेत, ज्यांनी जंगलात लढून मार खाल्ला ते भूमिहीन राहू नयेत, ही मागणी मॉस्कोहून आणायची गरज नव्हती. मांडावर त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांचीच ती मागणी होती.

‘केनियाने झिडकारलं’ हे तर सरळ खोटं. १९६३ मध्ये ते पूर्व आफ्रिकेच्या मध्यवर्ती विधिमंडळावर गेले. जुलै १९६४ मध्ये त्यांना प्रतिनिधीगृहाचे विशेष सदस्य म्हणून निवडलं, आणि ही निवड तेव्हा सभागृहातले सदस्यच करायचे. कानूच्या कार्यकर्त्यांना शिकवण्यासाठी त्यांनी लुमुंबा इन्स्टिट्यूट उभी केली. आज नैरोबीच्या वेस्टलँड्स भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे, २००८ मध्ये केनियाने त्यांचं टपाल तिकीट काढलं.

२४ फेब्रुवारी १९६५ ला सकाळी, वेस्टलँड्समधल्या घराच्या दारात, गाडीत बसलेले असताना त्यांना जवळून गोळ्या घातल्या. मागच्या सीटवर त्यांची लहान मुलगी होती. पिंटो ३७ वर्षांचे होते, स्वातंत्र्याला सव्वा वर्ष झालं होतं.

उपरा होता म्हणून मारला, असं मानणाऱ्यांनी पुढची नावं पाहावीत. ५ जुलै १९६९ ला म्बोयांना नैरोबीच्या भर रस्त्यात गोळ्या घातल्या. ते लुओ जमातीचे होते. मार्च १९७५ मध्ये खासदार जे. एम. कारियुकींचा खून झाला. ते किकुयू जमातीचे, स्वतः माऊ माऊच्या काळात स्थानबद्ध राहिलेले. दहा लक्षाधीश आणि एक कोटी भिकारी असलेला केनिया नको, असं ते जाहीरपणे सांगत. तिघांचा वंश वेगळा, राजकारणही एकसारखं नव्हतं, म्बोया तर पिंटोंच्या विरुद्ध गोटातले. पण तिघंही सत्तेच्या वाटेत येऊ शकतील इतके मोठे झाले होते.

पिंटोंच्या खुनाबद्दल किसिलू मुटुआ या तरुणाला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे जन्मठेपेवर आली. ते सुटले २००१ मध्ये, पस्तीसहून अधिक वर्षांनी, आणि आपण निर्दोष आहोत हेच सांगत राहिले. हुकूम कुणी दिला, हे कुठल्याही न्यायालयात ठरलेलं नाही. पिंटोंचे मित्र जोसेफ मुरुंबी, ज्यांचे वडील गोव्याचे आणि आई मासाई, १९६६ मध्ये केनियाचे उपराष्ट्रपती झाले आणि त्याच वर्षी त्यांनी ते पद सोडलं.