कोडमधल्या लिस्टच्या शेवटी ओळ चिकटवणाऱ्यांनो!

वर कॉमेंट ढळढळीत लिहिलेली आहे: 'अक्षरक्रमाने ठेवा'. खाली परवानग्यांच्या नावांची १४० ओळींची लिस्ट. आणि नवीन ओळ प्रत्येक जण टाकणार कुठे? शेवटी!

काल दोन ब्रँचमधून, म्हणजे कोडच्या दोन वेगळ्या प्रतींमधून, दोघांनी एकाच जागी, तळाशी, ओळी टाकल्या. मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकत्र करताना दोन बदलांची टक्कर. तो कुणीतरी घाईत सोडवला आणि एक कॉमा उडाला. पायथनमध्ये कॉमा उडाला की एरर येत नाही हो! शेजारचे दोन स्ट्रिंग गुपचूप चिकटून एक होतात. दोन खऱ्या परवानग्या गेल्या आणि तिसरीच, कुठेही नसलेली, जन्माला आली. टेस्ट हिरव्या. सीआय, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चालणारी तपासणी, तेही हिरवं. लोकांना लॉगिन करून स्क्रीन रिकामी दिसतेय आणि मी अर्धा दिवस डेटाबेस उकरतोय. एका कॉमासाठी!

दुरुस्ती पाठवली, तर रिव्ह्यूमध्ये पहिलीच कॉमेंट: 'अक्षरक्रम चुकलाय.' अरे, क्रम लावणं हे माणसाचं काम आहे का? गो भाषेचं कोड नीट मांडणारं टूल गोफमट इम्पोर्ट सॉर्ट करतं, पायथनला त्यासाठी आयसॉर्ट आहे, मग बाकीच्या लिस्टांनी काय घोडं मारलंय?

आणि हाताने लावायचा तर कुठला क्रम? आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना दिलेल्या आकड्यांमध्ये, कॅपिटल झेड ९०, स्मॉल ए ९७, म्हणजे कॅपिटलवाले सगळे आधी. 'आयटम१०' हा 'आयटम२'च्या वर. माझ्या मशीनवर सॉर्ट कमांड एक क्रम देते, सर्व्हरवर लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) वेगळं म्हणून दुसरा. मागे एकाने दोन ओळींच्या फीचरसोबत अख्खी फाइल सॉर्ट करून टाकली होती. कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये आजही प्रत्येक ओळीवर त्याचंच नाव येतं. तो राग माझा अजून गेलेला नाही.

लिस्ट आपोआप क्रमाने लावणारं गूगलचं टूल, कीप-सॉर्टेड, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. लिस्टच्या आधी एक कॉमेंट, नंतर एक, संपलं. आकड्यांसाठी न्यूमरिकचा पर्यायसुद्धा आहे. मिडलवेअरसारख्या (प्रत्येक विनंती एकामागून एक ज्या टप्प्यांतून जाते, त्यांच्या) लिस्टमध्ये क्रमालाच अर्थ असतो, तिथे खुणा लावायच्याच नाहीत, म्हणजे हातही लागत नाही. आणखी काय हवंय?

आज त्याच पीआरमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या प्रस्तावात, त्या दोन कॉमेंट टाकल्या, सीआयमध्ये तपासणी जोडली. लगेच उत्तर आलं: 'हे या पीआरच्या स्कोपमध्ये बसत नाही, काढा.'

नाही काढणार. कालचा अर्धा दिवस कुणाच्या स्कोपमध्ये बसत होता, ते आधी सांगा.